चुकीच्या भोकाचा दावा

मी धुळाप्पा, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, धंदा वेल्डिंग, राहणार राजेश्वर, तालुका बसवकल्याण, हे मृत्युपत्र माझ्याच हातानं लिहायलो. डोकं ठिकाणावर हाय. कुणाची जबरदस्ती न्हाई. बायको रेणुकाबाई "आधी जेवा" म्हणायलीय, तेवढीच. ह्याच्या आधीचं मृत्युपत्र रद्द, ते रागात लिहिलं होतं.

१. घर रेणुकाबाईचं. तिच्या मागं दोन्ही लेकरांना निम्मं निम्मं.

२. वेल्डिंगचं मशीन, ड्रिल, ग्राइंडर लेक प्रतीक्षाला. रविकुमार, रुसू नकोस. तू कडगंचीला विद्यापीठात कारकून हाईस, तुला ड्रिल धरता येत न्हाई. बँकेतली ठेव तुला.

३. आता शेंडेखुडणी. तुरीचे शेंडे खुडले की फांद्या फुटतात. बाया चिमटीनं खुडायच्या, नखं काळी पडायची. माझा बाप मेंढरं कातरायचा. त्याची कातर मी लांब दांड्याला बसवली, मुठीपाशी तार दिली, ओढली की कातर मिटते. दांड्याला एक भोक चुकीच्या जागी पडलं, कारण मोजताना रेणुकाबाईनं चहा आणला. ते बिनकामाचं भोक मी हत्याराच्या चित्रातबी काढलं. जे दिसतं तेच मी काढतो.

हत्यार अन् चित्र जत्रेत सगळ्यांना दाखवलं, मग पेटंटला गेलो. संगमेश्वर वकील म्हणले, "काका, आधी अर्ज, मग जत्रा. आता सगळ्यांना ठाऊक झालं, पेटंट न्हाई मिळायचं." मी म्हणलो, "दाखवायचं न्हाई तर बनवायचं कामून?" ते फाईल बांधायला लागले.

मग बसवकल्याणच्या वर्कशॉपवाल्या पंचाक्षरीनं तसलीच खुडणी काढली. जाहिरातीच्या कागदावर माझंच चित्र छापलं, भोकासकट. चित्राला कॉपीराइट असतो म्हून मी दावा लावला. सहा वर्षं झाली. तिथं तो म्हणतो, चित्र माझं, हत्यार माझं. मधी त्याच्या खुडणीनं तूर खुडणाऱ्या महानंदाचं बोट कापलं, तिनं भरपाईचा दावा लावला. त्या कोर्टात तो म्हणला, हत्यार धुळाप्पाचं, जबाबदार तोच. एका कोर्टात त्याचं, दुसऱ्यात माझं. कोर्टानं सांगितलं, बनवून विकणारा तू, भरपाई तूच दे. त्यानं दिली.

४. बोटाचं मला लागलं. मी पात्यापुढं आडपत्रा बसवला, बोट आत जातच न्हाई. वकील म्हणले, "ह्या वेळी तरी आधी अर्ज करा, कुणाला दाखवू नका." दोन महिने गप बसलो. परवा बाया उघडं पातं घेऊन खुडायला निघाल्या, मग गप बसणं जमंना. आडपत्र्याचं माप आज सकाळीच देवळाच्या भिंतीला लावलं. कुणीबी बनवा. पंचाक्षरीनं आधी बनवावं, जास्त खुडण्या त्याच्याच हाईत.

५. चित्राचा हक्क माझ्या मागं साठ वर्षं चालतो म्हणं. एवढी मुदत मला आजवर कुणी दिली न्हवती. तो हक्क प्रतीक्षाला, दावाबी तिलाच. भरपाई मागायची न्हाई. पंचाक्षरीनं कोर्टाच्या बाहेर, आपणहून एकदा म्हणावं की हत्यार धुळाप्पाचं. त्याच दिवशी दावा काढून घ्यायचा. न्हाई म्हणला तर साठ वर्षं हाईत.

६. मातीच्या वेळी भाषण न्हाई. हंगाम असला तर बायांना लवकर सोडा.

दुसरा साक्षीदार मिळंना. देवळापाशी पंचाक्षरी माप उतरून घ्यायला आला होता, त्यालाच बोलावलं. वकील म्हणतात, ज्याला मिळायचंय त्यानं साक्षीदार होऊ नये. ह्याला वेगळं काय मिळायलं न्हाई. त्यानं पाचवं कलम दोनदा वाचलं.

"धुळाप्पा, साठ वर्षं?"

"व्हय अण्णा."

"लेक तुझ्यावरच गेलीय काय?"

"माझ्याहून वाईट."

त्यानं पेन मागितला.

राजेश्वर, १४ ऑगस्ट २०२४
धुळाप्पा (सही)

साक्षीदार १: राघोबा, किराणा दुकान, राजेश्वर (सही)

साक्षीदार २: पंचाक्षरी, वर्कशॉप, बसवकल्याण. हत्यार धुळाप्पाचं. भोकबी त्याचंच. (सही)