आठ ते नऊची बॅच

९ जुलै

"बड़ी है नी, कर लेसी." मोठी आहे ना, करून घेईल. निशा धाकटी सून म्हणून या घरात आली त्या दिवशी सासूबाई हे म्हणाल्या होत्या. घर पाहुण्यांनी भरलेलं, पंगत कोण वाढणार असा प्रश्न होता. बारा वर्षं झाली. त्या वाक्यात माझा मान आहे, असं मी धरून चालले.

आज त्याच म्हणाल्या, "छोटीला येऊ दे."

खुब्याच्या ऑपरेशनपासून रोज सकाळी त्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत मीच बसवते. आज अर्ध्यात माझे हात थरथरले. पडल्या नाहीत. पण माझ्या खांद्यात रुतलेली त्यांची बोटं अजून...

निशा जिमहून आली, एका दमात बसवलं. "बाईजींचं वजनच ते काय," म्हणाली.

१२ जुलै

आता सासूबाई नऊपर्यंत पलंगावरच थांबतात. नि. येईपर्यंत. मी चहा नेते, पाठीला उशी लावते.

"बसवू का, बाईजी?"

"राहू दे. छोटी येतेच आहे."

पहाटे लोणखेड्याच्या रस्त्याने चालले. ८ किमी. काल ७ होते.

१९ जुलै

संक्रांतीपासून सात किलो उतरले. मंदिरात सगळ्या विचारतात, काय करतेस? चालते, म्हणते. नि.ला कोणी विचारत नाही. ती बारीक झालेली नाही. भरीव झाली आहे.

आमच्या दुकानातला टेप आणून दंड मोजला. जूनपेक्षा पाऊण इंच कमी. पोट तेवढंच.

हे म्हणाले, "टेप गिऱ्हाइकाला लावायचा असतो." हसले. मी नाही.

२४ जुलै

मी जिमला जाते ती संध्याकाळची लेडीज बॅच, साडेसातची. शिकवणारी ज्योती लोणखेड्याची. वय माझ्या मुलीएवढं, आवाज हवालदाराचा. आज मला बाजूला घेतलं. जेवता कधी? म्हटलं, सूर्यास्ताआधी. मग सकाळपर्यंत पाणीही नाही. आमच्या जैनांत तसंच.

"आन् सकायले?"

आठ किलोमीटर. उपाशीच.

ती मटकन बाकावरच बसली. "भाभी, तुम्ही भलतं पयतस, उचलतस कमी. आन् उचलीसन बारा घंटा उपाशी. आंग कसं भरी? चरबीना आधी ताकद उतरी ऱ्हायनी."

तिचं म्हणणं : पळणं कमी, उचलणं जास्त. चार महिने, आठवड्यातून तीन दिवस वजनं, आणि घरी जाऊन लगेच जेवण. चालणं मधल्या दिवसांत, अर्धा तास, पुरे. "धरम नका सोडू. येळ बदला. सकायनी बॅचमा या, तुमनी देरानीसंगे."

नि.ची सकाळची बॅच आठ ते नऊ. आठ ते नऊ मी काय करते ते ज्योतीला काय सांगू. हे आणि दीर, दोघांचे डबे, नि.च्या मुलांचा नाश्ता, सासूबाईंच्या गोळ्या. मी पोळ्या लाटते म्हणून नि. वजनं उचलते. आणि मग माझ्या सासूला उचलते.

२ ऑगस्ट

शिंप्याकडून ब्लाउज आणले. माझ्या बाह्या आत घेतल्यात, नि.च्या अर्धा इंच सोडल्यात. तो सहज म्हणाला, "धाकल्या भाभीना दंड भराई ग्यात." पिशवी घेऊन निघाले. सुटे पैसे तिथेच राहिले.

ज्योतीने नको सांगितलं तरी आज ९ किमी. नि.ने वजन वाढवलं की मी अंतर वाढवते. रस्त्यावर तरी मी तिच्या पुढे असते. ती रस्त्यावर नसतेच, ही गोष्ट वेगळी.

११ ऑगस्ट

नि. जिमहून आली की मूगडाळीचे दोन चिले खाते, आत पनीर. डाळ मीच वाटून ठेवते. आज नवापूरहून यांचे मामा आले. सगळं वाटण त्यांच्यावर संपवलं. दोन चिल्यांत त्यांचं पोट भरलं होतं. आग्रह करकरून पाच वाढले.

नि. आली, पातेल्यात डोकावली. "संपलं?"

"मामा आले होते ना."

उभ्याउभ्याच खाखरा खाल्ला आणि सासूबाईंना उठवायला गेली.

मला दिवसभर बरं वाटत होतं. हे लिहायला नको होतं.

२७ ऑगस्ट, संवत्सरी

सकाळपासून मिच्छामि दुक्कडम्. फोनवर, शेजारी, दुकानातल्या माणसांना. कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा. नि. समोर आली तेव्हा मीही हात जोडून तेच म्हटलं. बाकीच्यांना म्हटलं तेवढंच. चिल्यांचं नाव काढलं नाही.

तिने जोडलेले हात खाली घेतले नाहीत.

"भाभी, माझं नकळत नाही. ज्योती नावं घ्यायला आली होती ना, तेव्हा ती सकाळच्या बॅचमध्ये तुमचंच नाव लिहीत होती. मी म्हटलं, भाभींना सकाळी जमणार नाही. तुम्हाला विचारलंच नाही."

"असू दे," म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हाही तिचे दंडच दिसत होते.

तिने क्षमा मागितली. सकाळचा तास नाही देऊ केला.

२८ ऑगस्ट

चिल्यांचं सांगून टाकलं. पोळ्या लाटताना, तिच्याकडे न बघता.

"मला माहीत होतं," नि. म्हणाली. "मामाच जिन्यात म्हणत होते, मोठी आज खाऊ घालून मारते की काय."

दोघी हसलो. खूप. सासूबाईंनी आतून विचारलं, काय झालं गं?

मग आठ वाजले आणि ती गेली.

३० ऑगस्ट

चालणं ३ किमीच. अवघड गेलं, थांबणं.

ज्योतीने दाखवलं तसं, गुडघ्यात वाकून, अंगाशी धरून, पाण्याचा जार स्टँडवर चढवून बघितला. एकदा चढला. दुसऱ्यांदा नाही. सासूबाई जारच्या दुप्पट तरी असतील. पण एकदा चढला.

स्वयंपाकघरात कोणी कधी उभं राहायचं ते सासूबाईच ठरवतात, पलंगावरून सुद्धा. उद्या चहा देताना बोलणार आहे. काय म्हणतील ते पाठ आहे. छोटीच्या पोळ्या जाड होतात. तिच्या मुलांची बस असते. आणि मोठी आहे ना. नि. तिथेच उभी असली तर खाली बघेल. मदतीला येणार नाही. तिच्या जागी मीही आले नसते.

वाक्य इथे लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी चहाच्या कपाकडे बघत बसणार नाही.

बाईजी, चार महिने सकाळचे आठ ते नऊ मला द्या. पोळ्या निशा लाटेल. आणि मी जिमहून येईपर्यंत पलंगावर थांबा, जशा तिच्यासाठी थांबता.