कासवाची धुतलेली पिल्लं

आये,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लोणावळ्याच्या त्या बंगल्याचं मागचं अंगण डोळ्यांसमोरून हलत नाही. दुष्काळात रेशनवर मिलो, ती तांबडी परदेशी ज्वारी, मिळायची ती वर्षं. तू तिथली झाडलोट करायचीस आणि आपल्या भाजे गावाहून मीही तुझ्याबरोबर यायचे. बंगल्याच्या मालकीणबाईंनी पाळलेली कासवांची जोडी जाळीआड गवत खात असे. एके दिवशी तिथलीच माती उकरून चार पिल्लं वर आली, रुपयाएवढी, आणि बाईंनी ती तुझ्या हवाली केली. त्यातलं एक मोठ्या कासवांची लेंडी कुरतडताना तू पाहिलंस मात्र, किंचाळलीसच. "घान खातंय गं मेलं! ह्यास्नी हितं ठिवायचं न्हाई." पदरानं त्याचं तोंड पुसलंस. मग पत्र्याचा डबा घासून पिल्लं त्यात ठेवलीस, स्टोव्हवर पाणी उकळलंस, मेथीचं पान न् पान त्या पाण्यात धुऊन घातलंस. माझ्याआधीची दोन पोरं जुलाबानं गेली, तेव्हा दवाखान्यात तुला हेच बजावलं होतं, पाणी उकळा, सगळं धुऊन घ्या. तू ते कधी विसरली नाहीस.

पिल्लं खात होती आणि तरी वाळत होती. तू ओट्यावर बसून आहेस, एकेकाच्या तोंडाशी पान धरते आहेस. तीन गेली. चौथं आधीच डब्यातून पडून जाळीखालून मोठ्यांकडे गेलं होतं, तेवढं वाढलं. तू म्हणालीस, "माज्या हातनं सुटलं म्हनून जगलं त्ये."

ते तू फारच मनाला लावून घेतलंस. मळवलीला सासरी मला पोर झाली, मी ती तुझ्यापुढे धरली, तर तू हात मागे घेतलेस. "नगं. तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे." मरेपर्यंत तिला एकदाही उचललं नाहीस. मला किती राग आला होता तुझा, आणि किती रडले होते मी.

ती पोर आता जनावरांची डॉक्टर आहे. परवा सहज म्हणाली, "पाला खाणाऱ्या कासवांची पिल्लं मोठ्यांची लेंडी, तिथली माती खातात, आई. त्यातून पोटात बारीक जंतू जातात. ते नसले तर पाला नीट पचत नाही, पिल्लं खंगतात." भाकरी थापता थापता माझे हात थांबले. म्हणजे तुझ्या हातात वाईट काही नव्हतं गं. पण तू जे पुसून काढलंस, तेच त्यांना हवं होतं.

हे पत्र धाडणार कुठे? आणि खरं सांगते, तू समोर असतीस तरी अर्धंच सांगितलं असतं. तुझ्या हातांचा दोष नव्हता, एवढंच. धुण्यापुसण्याबद्दल अवाक्षर काढलं नसतं.