प्राजूच्या कथेवरची लाल शाई

११ जानेवारी, रविवार
शिवानी आली होती. आमची लेक प्राजू भाद्रपदात वारली, त्यानंतर तिची मैत्रीण पहिल्यांदाच घरी आली. कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम तिच्याकडे आहे. "काका, प्राजू क्लोनिंगवर विज्ञानकथा लिहीत होती. वही सापडली तर द्या ना." एक फेब्रुवारीपर्यंत हवी. बघतो म्हणालो.
ती गेल्यावर सौ. ने विचारलं, "कसली कथा हो?" मला माहीत होती. विषय बदलला.

१३ जाने., मंगळ.
वही सापडली. गेल्या उन्हाळ्यात प्राजूने मलाच वाचायला दिली होती. "पपा, तुमच्या लॅबचा विषय आहे. बघा जरा." मी बघितली. लॅबचं रजिस्टर तपासतो तशी, लाल पेन घेऊन.
कथा अशी. मुलीला पुण्यात नोकरी लागते. आई घरी एकटी पडेल (वडील दिवसभर लॅबमध्ये. त्यांना एकच ओळ). म्हणून ती कराडला कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आपला एक केस देते. तिथे नवीन मशीन आलंय. दुकानदार विचारतो, "एकच कॉपी का दोन?" चाळीस मिनिटांत दुसरी मुलगी बाहेर येते, झेरॉक्सच्या कागदासारखी गरम. सगळ्या आठवणींसकट. वडापच्या जीपमध्ये बसून मलकापूरला घरी येते.
माझे शेरे: केसाला मूळ हवे. बाळ होईल. वाढायला वीस वर्षे. आठवणी येणार नाहीत. शेवटी, दोनदा अधोरेखित: असे होत नाही.
पुढे तिने लिहिलेलंच नाही. शेवटचं वाक्य अर्धं. "दार वाजलं. आई उठली आणि"

१४ जाने., बुध.
संक्रांत. यंदा घरी काही नाही. शेजारच्या वहिनी तिळगूळ घेऊन दारापर्यंत आल्या, उंबऱ्यावर घुटमळून तशाच परत गेल्या.
वही पुन्हा बघितली. माझ्या शेवटच्या शेऱ्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षर आहे. काल दिसलं नव्हतं.
"मग कथा कशाला लिहायची, पपा?"
कधी लिहिलं, कोण जाणे. तिने दाखवलं नाही. मीही वही परत उघडली नव्हती.

१९ जाने., सोम.
नर्सरीतले तात्या आमच्या टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये उसाचे शेंडे घेऊन आले. दिवसभर पाती सोलून कोंब काढणं, बाटलीत लावणं. एका शेंड्यापासून हजारो रोपं, सगळी सारखी. आयुष्य यात गेलं.
तात्या बाटल्यांकडे बघत म्हणाले, "आवं साहेब, हितं समदी जुळी दिसत्यात. वावरात लावली की हरेक येगळं. आसं कसं?"
जमीन, पाणी, म्हणालो.
"व्हय. आन कोन लावतंय त्येबी."

२२ जाने., गुरु.
प्राजूचा कंगवा सौ. ने साफ केलेला नाही. खिडकीत असतो. आज डब्याच्या पिशवीतून लॅबला नेला. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर असताना एकेक केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला. अकरा केस.
तीन केसांना मूळ आहे.
उपयोग काही नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार. पण आहे.
परत आणून होता तसा ठेवला.

२३ जाने., शुक्र.
सकाळी सौ.: "कंगवा कुठं नेला होता?"
मी डब्याची पिशवी उचलली.
"दात भिंतीकडं केलेत. मी खिडकीकडं ठेवते."
मग सांगितलं. अकरा केस, तीन मुळं. वाटलं, चिडेल. तिने फक्त विचारलं, "मग?"
मग काही नाही, म्हणालो.
ती म्हणाली, "एकट्यानंच बघितलं. मला न्यायचं की."
तिला वही दिली.

२५ जाने., रवि.
सौ. ने दुपारी कथा वाचली. झेरॉक्सवाल्यापाशी हसली. "हा तो चष्मेवालाच. 'सुट्टे द्या हो' म्हणतो बघा, डिट्टो लिहिलाय." भाद्रपदानंतर तिला हसताना आज पहिल्यांदाच ऐकलं.
मग लाल शाई. "हे तुमचं अक्षर."
हो.
"पोरगी खेळत होती हो. तुम्ही पेपर तपासत बसलात."
पेन्सिलीची ओळ तिला दिसली का, माहीत नाही. त्या पानावर बराच वेळ होती.

३१ जाने., शनि.
आठवडाभर रोज संध्याकाळी थोडं थोडं करून कथा कोऱ्या कागदांवर उतरवली. माझे शेरे सोडून. केसाला मूळ नसलं तरी चाललं. कागदासारखी गरम, तेही तसंच. अर्ध्या वाक्यापाशी आलो आणि हात थांबला. सौ. ला विचारलं, दार वाजलं, उघडलंस, प्राजू उभी. काय म्हणशील?
ती भाजी निवडत होती. "काय म्हणणार? एवढा उशीर, म्हणेन. वडाप मिळाली नाही का. चपला बाहेर काढ."
आणि ती कॉपी आहे हे कळलं तर?
"मला कळणार नाही होय?" देठं गोळा करून उठली. आतून म्हणाली, "कळलं तरी चपला बाहेरच काढायला लावीन."
तेवढं लिहिलं. तिच्याच शब्दांत.

१ फेब्रु., रवि.
शिवानीचा फोन. "काका, झाली?" एक ओळ राहिलीय म्हणालो. पाचला येते म्हणाली.
आईच्या बोलण्यावर मुलगी काय म्हणते, ते राहिलंय. सौ. म्हणते तुम्ही लिहा. मला सुचत नाही. प्राजूचा आवाज येतो कानात, शब्द येत नाहीत. ती काहीतरी उलटं बोलली असती, एवढं नक्की. पण काय
पावणेपाच. चहाचं पाणी ठेवलंय. कागद समोर, पेन निळं.
दिवसा आमचं दार उघडंच असतं. आत्ता सौ. ने आतून कडी लावली. कशाला, विचारलं.
"वाजू दे," म्हणाली.