छोट्या लाईनचे ठोकळे

मी हौली नव्हते, खुळी नव्हते. बिनडोक तर नव्हतेच. मला, तुमच्या लेकीला, चौथीतून काढलंत ते चुकलं तुमचं, आणि हे कळायला मला या वयात नातीच्या शेजारी बसावं लागलं. आता नमस्कार करते, अण्णा.

विद्यानगरच्या घरात माझी नात दिवसभर कॉम्प्युटरपुढं असते. एका तेलगिरणीच्या वजनकाट्याचा प्रोग्राम, पास्कल नावाच्या जुन्या भाषेतला, तिला तळहाताएवढ्या नव्या मशीनवर चालवायचा होता. तयार करायचा हिच्या मोठ्या मशीनवर, चालायचा त्या लहानग्यावर. तो घडवून देणारा कंपायलर तीन दिवस एकच रडगाणं गात होता: एक भाग सापडत नाही.

"आजी, त्या भागाची फाइल समोर आहे. मला दिसते, ह्याला दिसत नाही. मीच हौली आहे."

तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. "गप बस. कुठं कुठं शोधलं, ते विचारलंस का त्याला?"

"असं कोण विचारतं..." म्हणता म्हणता ती थांबली. "हौ, विचारता येतं की."

तिनं काहीतरी टाइप केलं, तशी भली मोठी यादी आली. पहिल्याच फोल्डरात त्याच नावाची फाइल, पण मोठ्या मशीनची. हा बाबा ती उघडतो, कामाची नाही म्हणतो आणि तिथूनच परत फिरतो. खरी फाइल चौथ्या फोल्डरात होती.

"आधी कुठं बघायचं हे त्याला कुणी सांगितलं?"

"फोल्डरांच्या क्रमाची जुनी यादी होती. मी तशीच ठेवली."

तिनं त्यातली चौथ्या फोल्डरची ओळ सगळ्यात वर नेली. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत काम झालं.

मी शेंगा सोलत होते, ते राहिलंच. सिकंदराबादचं तुमचं रेल्वेचं स्टोअर समोर आलं. मी डबा घेऊन आलेय. तुमचे हात ग्रीसनं भरलेत. "आत जा, ब्रेकचे ठोकळे आण," म्हणता. पुढच्या रॅकवर छोट्या लाईनचे, अरुंद रुळांवरच्या गाड्यांचे, मागच्यावर मोठ्या लाईनचे. नाव एकच, माप वेगळं. मी पुढचे उचलून आणते, हवे असतात मागचे. फिटर हसतात. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "हौली आहे. ही शिकून काय दिवे लावणार?" जूनमध्ये शाळा उघडली, तुम्ही मला पाठवलंच नाही.

कुठं बघितलंस, एवढं विचारायला काय जात होतं? रॅक तुम्हीच लावले होते ना!

खोटं नको राहायला म्हणून सांगते. मागचा रॅक मला दिसला होता. त्यावरही ठोकळे होते. कोणते हवेत, हे मी बाहेर येऊन विचारलं नाही. तुमच्या आवाजाची धास्ती होती. आजवर हे कुणाला बोलले नाही.

तुम्ही गेलात, आता हे पत्र टाकायला पत्ता नाही, एवढं कळतं मला. पण उत्तर तुम्हीच द्यायचं, अण्णा. नेहमीसारखं आईला पुढं करायचं नाही.