दशमी नेमकी कधी?

मंचेरियल, ८ जून १९९७

चि. हेमचंद्र यास शामरावमामाचे अनेक आशीर्वाद.

तू केलेल्या पंचांगाची नवी फ्लॉपी पोचली. दमयंतीनं ती आपल्या घरच्या टायपिंग क्लासातल्या कॉम्प्युटरवर चढवली आणि घरात तिथीचा घोळ सुरू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात पूर्वी तुझं एकच कॅलेंडर दिसायचं, आता दोन दिसतात. जुनं म्हणतं आज ज्येष्ठ शुद्ध तृतीया, नवं म्हणतं चतुर्थी. तुझ्या भरवशावर यंदा भिंतीवर दुसरं लावलंच नाही.

नेरडीगोंड्याच्या उद्धवरावांनी दशमीला बोलावलं आहे. घर बघायचं आणि त्यांच्या अमृतशी आपल्या दमयंतीची सुपारी फोडायची. त्यांनी तारीख नाही, तिथीच लिहिली. आता ती शनिवारी की रविवारी? दमयंती म्हणते, नवं म्हणजे सुधारलेलं, तेच खरं. मामी म्हणते, व्याह्यांच्या दारात भलत्याच दिवशी उभं राहिलो तर तोंड कुठं लपवायचं. काऊन हे मशीन घरात घेतलं, असं मला झालं आहे. उलट टपाली कळव.

तुझा गोंधळलेला,
शामरावमामा

हैदराबाद, १२ जून १९९७

ती. शामरावमामांस हेमचंद्रचा शि. सा. नमस्कार.

मामा, घात झाला. चूक नव्या आवृत्तीतच आहे. अमावास्या संपायच्या आधीच माझ्या प्रोग्रामनं प्रतिपदा धरली, म्हणून तो एक दिवस पुढे धावतो. जुनंच बरोबर. दशमी रविवारी आहे, शनिवारी मुळीच निघू नका. दमयंतीला सांगा, हवं तर माझे कान उपट, पण ते नवं काढून टाक. मामींचा राग उतरला की दोन ओळी लिहा.

लोभाला पात्र राहू इच्छिणारा,
हेमचंद्र

मंचेरियल, १८ जून १९९७

चि. हेमचंद्र यास आशीर्वाद.

तुझं पत्र आम्ही परत आल्यावर मिळालं. दमयंतीचं ऐकून आम्ही शनिवारीच गेलो होतो.

अंगणात पोचलो तर आत भांडण चाललेलं. अमृत रडवेल्या आवाजात बापाला सांगत होता की, बेज्जूरच्या मथुराला मी शब्द देऊन बसलो, आता दुसऱ्या पोरीला काऊन फसवता. उद्धवराव ओरडत होते की, उद्या पाहुणे येऊन राह्यले, तोवर तोंड बंद ठेव. तेवढ्यात त्यांना आम्ही दिसलो. त्यांना कळेना आम्ही आज कसे, आम्हाला कळेना थांबावं की फिरावं. मामी तर पिशवी घेऊन निघालीच.

दमयंती मात्र सरळ ओसरीवर जाऊन बसली. पाणी मागितलं, सावकाश प्यायली. मग उद्धवरावांना म्हणाली की, काका, आमी उद्या आलो असतो तर तुमी तिघांचा जन्म नासवला असता. त्या मुलीच्या घरी माणसं पाठवा. उद्धवराव पुटपुटले की, कोणत्या तोंडानं जाऊ, सोबतीला कोणी नाही. अन् माझ्या तोंडून निघून गेलं की, मी येतो.

रविवारी, खऱ्या दशमीला, जीपनं बेज्जूरला गेलो. मुलाकडचा वडीलधारा म्हणून मुलीकडच्यांनी पहिली सुपारी माझ्याच हाती दिली.

परतीच्या बसमध्ये दमयंतीला विचारलं, वाईट वाटलं का. थोडं वाटलं, म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तुझ्यावर रागवावं की तुला पेढे पाठवावेत, मामीला अजून ठरवता येत नाही. मी मुलीची सुपारी फोडायला निघालो होतो, आणि लोकाच्या मुलाची फोडून आलो. गावात कसं सांगायचं हेच मला कळत नव्हतं, पण शेजारणीला दमयंतीनंच हसत सांगितलं.

माया असू दे.
शामरावमामा