चंपा कंगवा भांडारचा फोन नंबर

प्रिय ऋचाताई,

आधी कबूल करून टाकतो, नंतर धीर व्हायचा नाही. मी काकांना फसवलं. म्हणजे तुझ्या बाबांनाच. आणि फसवून झाल्यावर हसू काही आलं नाही.

धायरीत त्या टाइम ट्रॅव्हलच्या सिनेमाचं शूटिंग झालं ना, हीरो यंत्रात बसून १९८३च्या पुण्यात जातो तो, त्यातल्या दुकानांच्या पाट्या मी रंगवल्या. दहावीला दोनदा आपटलो, पण अक्षर देवाने झकास दिलंय. दिग्दर्शिका नीरजा मॅडमना तारखा तपासायला माणूस हवा होता. मी म्हटलं, आमच्या काकांनी पस्तीस वर्षं कॅलेंडरची प्रुफं तपासलीत, कुठलीही तारीख सांगा, वार तोंडपाठ. काकू गेल्यापासून मंडईतसुद्धा न जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्कूटरवर!

आल्या आल्या मॅडमना म्हणाले, माणूस यंत्रात बसून चाळीस वर्षं मागे जातो हे मला मान्य आहे, पण अकरा जून त्र्याऐंशीला शनिवार असताना तुम्ही मंगळवार म्हणता, ते कसं मान्य करायचं? हीरोच्या हातात प्लॅस्टिकची बाटली चुरचुरली, तर ती काढून तांब्या द्यायला लावला. हीरो दिवसभर तांब्यानेच पाणी प्यायला, घाबरून.

माझ्या पाट्या मात्र मला मोठ्याने वाचायला लावायचे. म्हणे प्रुफाची रीतच आहे, एकाने वाचायचं, दुसऱ्याने चूक धरायची. आणि चूक सापडली की सगळ्यांसमोर, केदार, ही पाटी आहे की तुझं प्रगतिपुस्तक? मग मीही डाव टाकला. 'चंपा कंगवा भांडार'च्या पाटीवर माझाच मोबाइल नंबर रंगवला, दहाच्या दहा ठळक आकडे, आणि वाचताना तेवढा गाळला. वाटलं, आता काका उसळणार. काका पाटीसमोर उभे राहिले, मान डोलावली, काळाला धरून आहे म्हणाले आणि वहीत टिक केली.

मला वाटलं, उलट माझीच फिरकी घेतायत. म्हणून दुसऱ्या दिवशी सेटवरचं कॅलेंडर उलटं धरून पुढे केलं. त्यांनी बोट फिरवत अख्खा जून घडाघडा म्हणून दाखवला, एकही वार चुकला नाही.

ताई, ते वाचत नव्हते गं.

नंबर ट्रेलरमध्ये गेलाय. अकरा जणांनी कंगवे मागितले, एका आजींना उवांची फणी हवी होती. मी मॅडमकडे गुन्हा कबूल केला, मनसोक्त शिव्या खाल्ल्या. सिनेमातून नंबर पुसून टाकू म्हणाल्या.

आता खरं कारण. शेवटी नावांच्या यादीत काकांचं नाव येणार आहे. काल सहज विचारल्यासारखं त्यांनी मला विचारलं, पडद्यावर अक्षरं केवढी असतात रे? सिनेमा लागायला दोन महिने आहेत. तू रविवारी वाघोलीहून ये. डोळे तुझेच तपासायचेत, सोबत हवी म्हण आणि त्यांनाही डॉक्टरसमोर बसव. मोतीबिंदूच असेल, दुसरं काही नसेल. पण लगेच वाघोलीला नेऊन बसवू नकोस, त्याच भीतीने गप्प बसलेत. आणि पाटीचं त्यांना कळलं तर परत कधी कुठली तारीख तपासणार नाहीत. कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस, ताई, पाया पडतो, भावोजींनासुद्धा नाही!

तुझाच, आणि आता कंगवेवालासुद्धा,
केदार