हातभर खोल, आग्नेयेस

अण्णा, तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. पंचांगाच्या मागच्या पानावर तुम्ही पेन्सिलीनं लिहून ठेवलंत, 'वास्तुप्रतिमा, चांदीची, आग्नेयेस, हातभर खोल.' आग्नेय कुठली, ते नाही. वारज्याचं आपलं घर रस्त्याला तिरकं. आपण आग्नेय आहोत असं त्याचा एकही कोपरा छातीठोकपणे सांगणार नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांवर 'अपूर्ण' असा शेरा मारणाऱ्या संस्कृतच्या मास्तरांना हे शोभतं का?

सोमवारी घर पाडायला जेसीबी येतोय. तिथे सात मजले होणार, त्यातला एक फ्लॅट आपला. आईनं जाताना एवढंच मागितलं होतं, की घर पाडाल तेव्हा वास्तू आधी उचला, तिच्यावर यंत्र घालू नका. तुमच्यासाठी मी एक फरशीही उकरली नसती. तिच्यासाठी बुधवार पेठेत मेटल डिटेक्टर घ्यायला गेलो. दुकानदार वर न बघता म्हणाला, "काय शोधायचंय?"

"पुरलेली वस्तू."

"नाण्यांना वेगळं मशीन, वाळूतल्या अंगठीला वेगळं, सोन्याच्या कणांना वेगळं, हंडाबिंडा असेल तर वेगळं. आधी ठरवा, मग या."

"चांदीचा पत्रा. तळहाताएवढा. हातभर खोल."

"हात कोणाचा?"

शास्त्रातला हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, चोवीस अंगुळं. हे तुम्ही सातव्या वर्षी माझ्याकडून घोकून घेतलं होतंत, दर शब्दाला "पुटपुटू नकोस, मोठ्यानं म्हण" असं खेकसत. दुकानदाराला मोठ्यानं सांगितलं. तो म्हणाला, नाण्यांचं मशीन वीतभरच बघतं, हंड्याचं मशीन एवढ्याशा पत्र्याला विचारत नाही; मधलं घ्या, मोठ्या तबकडीचं. लोखंडाला जाड आवाज, चांदीला बारीक. "कान उघडे ठेवा, बाकी मशीन बघून घेईल."

शनिवारी सकाळपासून सगळं घर पालथं घातलं. खिळे, नळाचे तुकडे, एक विळ्याचं पातं. सगळे जाड आवाज. स्वयंपाकघरात आलो आणि तो दिवस आठवला. तुम्ही ओट्याशी शेवग्याच्या शेंगा सोलताय, मी तुमच्या पाठीमागे दारात. "अण्णा, एमए सोडतोय. कॉम्प्युटरचा क्लास लावलाय." तुम्ही मान वळवत नाही. शेंग संपवता, दुसरी घेता. शेजारी कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय, तोही बंद करत नाही. शेवटी आई अंगणातून धावत येते. महिन्याभरानं तुम्ही तिला म्हणालात, "यानं मला सांगितलंसुद्धा नाही." कांगावादेखील शास्त्रशुद्ध. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत मी तुमच्याशी 'पान वाढलंय' आणि 'औषध घ्या' यापलीकडे बोललो नाही. आयुष्यात तडीस नेलेलं माझं ते एकमेव व्रत.

माझी मुलगी चहाचा कप घेऊन दारात उभी होती. एरवी ती हिंजवडीच्या बसमध्येच राहते. म्हणाली, "बाबा, थांब ना. वाजतंय."

"लोखंड असेल."

"लोखंड कसलं? केवढं बारीक वाजतंय, कानात जातंय माझ्या."

मी तबकडी पुन्हा फिरवली. पुन्हा फिरवली. मला काहीच ऐकू आलं नाही.

तिनं खडूनं फुली मारली. तिथे खणलं. प्रतिमा निघाली, बरोबर चोवीस अंगुळांवर. मुलगी तिच्याकडे बघतही नव्हती, माझ्याकडे बघत होती. "बुधवारी मी तुला विचारलं होतं, बंगलोरची नोकरी घेऊ का म्हणून. तू पेपर वाचत बसलास. मला वाटलं, तुला बोलायचंच नाहीये. मी हो कळवून टाकलं."

प्रतिमा चिंचेनं घासून पंचांगावर ठेवली आहे. कानाच्या डॉक्टरकडे जायचं टाळतोय. बहिरेपणाची भीती नाही, प्रश्नाची आहे. ते विचारणार, घरात आणखी कुणाला होतं का. आणि अण्णा, मला ते माहीत नाही. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा, मोठ्यानं, सांगून पाहिलंच नाही.